हललेला फोटो



आम्ही कामगार संघटनेत तीस वर्षे काढली. त्यामुळे या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर बोलू अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही ‘फोटोग्राफी’ म्हटल्यावर फोनवर क्षणभर शांतता पसरली. आमचे शिक्षण दहावीपर्यंत, तेही दुसऱ्या खेपेस. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कपाटातली पुस्तके वाचून. तेव्हा शास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पन्नाशीच्या माणसाने कॅमेरा का हाती धरला आणि घरच्या मंडळींनी त्याला कसे सोसले, एवढेच सांगावयाचे आहे.

२०१८ सालची गोष्ट. एका प्रेस शॉपमध्ये रात्रपाळीत एका तरुण मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा हवा, असे तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचे २१ वे कलम सांगत होते. त्या पॉवर प्रेसला गार्ड नव्हता. निरोप मिळताच आम्ही तेथे पोहोचलो, खिशातला मोबाइल काढला आणि यंत्राचे चार फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी निरीक्षक आले, तेव्हा प्रेसवर कोरा गार्ड बसलेला होता आणि त्याचा पिवळा रंग अजून बोटाला लागत होता. आम्ही ऐटीत मोबाइल पुढे केला. निरीक्षकांनी तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, “यात प्रेस कोणता आणि भिंत कोणती?”

चारही फोटो हललेले होते. विम्याचे पैसे मुलाला मिळाले, कारण ते दोष कोणाचा हे न पाहता मिळतात. पण गार्ड नव्हता ही गोष्ट कागदावर कधीच आली नाही. रात्रपाळीतल्या इतरांना काही दिसले नव्हते. त्यांना आम्ही बोल लावीत नाही. त्यांच्या चुली त्याच पगारावर पेटत होत्या.

घरी कन्येने कारण सांगितले. प्रकाश कमी असला की कॅमेरा तो गोळा करायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात हात हलला की चित्र पुसट होते. आम्ही म्हणालो, “हात हलला नाही, थरथरला.” ती म्हणाली, “बाबा, कॅमेऱ्याला त्यातला फरक कळत नाही.”

पुढच्या महिन्यात आम्ही एक वापरलेला कॅमेरा आणि पन्नास मिलिमीटरची लेन्स घेतली. सौभाग्यवतींना किंमत निम्मी सांगितली. पावती पँटच्या खिशात राहिली आणि धुण्याच्या वेळी त्यांच्या हाती लागली. त्या बाबतीत अधिक बोलत नाही.

कारखान्यात जाऊन सराव करता येत नाही, म्हणून सराव घरी. आमच्याकडे वाघ्या आहे. एका धरण्याच्या मांडवात येऊन बसलेला आणि धरणे संपले तरी न उठलेला हा काळाकुळकुळीत कुत्रा. त्याच्यावर आमचे सारे प्रयोग झाले. पन्नासची लेन्स असेल तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा अधिक वेळ पडदा उघडा ठेवू नये, असे पुस्तक सांगते. हा नियम आमच्या हातापुरता ठीक. वाघ्याच्या शेपटीला तो मान्य नाही. तिला पाचशेवा भाग लागतो आणि आमच्या ट्यूबलाइटच्या उजेडात पाचशेव्या भागात नुसता काळोख येतो. मग लेन्सचे छिद्र मोठे करावे. त्याचे आकडे उलटे: २, २.८, ४, ५.६, ८. प्रत्येक पायरीला आकडा वाढतो आणि प्रकाश निम्मा होतो. महागाई भत्त्याच्या वाटाघाटी केलेल्या माणसाला हे समजण्यास अडचण पडू नये, पण आम्हांला दोन महिने लागले. छिद्र मोठे केले तर वाघ्याचे नाक स्पष्ट येई आणि कान धुक्यात जात.

खरी गंमत पुढे. वाघ्या घरभर काळा, फोटोत मात्र राखाडी! कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोर येईल ते सारे मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. काळ्याला तो उजळवतो, पांढऱ्याला मळवतो. हे वाचले तेव्हा आम्ही मोठ्याने हसलो. व्यवस्थापकाचा पगार आणि झाडूवाल्याचा पगार एकत्र करून काढलेली ‘सरासरी वेतना’ची कोष्टके आम्ही आयुष्यभर टेबलावर आपटीत आलो, तोच कारभार येथेही! काळे काळे दिसावे म्हणून मापकाचे न ऐकता प्रकाश हाताने कमी करावा लागतो.

या काळात घरात काय काय झाले! एकदा “दुधाकडे पाहा” असे सांगून सौभाग्यवती बाहेर गेल्या. आम्ही पाहिले. दूध उतू जातानाचा आमचा फोटो अत्यंत स्पष्ट आला आहे.

एका सकाळी त्या खिडकीशी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. एका बाजूने उजेड येत होता. आम्ही कॅमेरा उचलला. मान वर न करता त्या म्हणाल्या, “अहो, कामगाराची सही घेताना त्याला विचारता ना? मग मला का नाही विचारीत?” आम्ही कॅमेरा खाली ठेवला. विचारले. “आज नको,” म्हणाल्या. पुढे तीन आठवड्यांनी, केस नीट बांधून, त्या स्वतः येऊन खिडकीशी बसल्या.

वाचनाची खोड असल्यामुळे आम्हांला लुइस हाइन भेटला. हा न्यूयॉर्कचा शाळामास्तर. १९०८ पासून तो अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी कापडगिरण्यांत आणि खाणींत हिंडला. त्याचा कॅमेरा म्हणजे मोठी पेटी, आत काचेच्या पट्ट्या आणि उजेडासाठी पेटवायची भुकटी, लपवणार कोठे? मालक आत घेत नसत. मग कधी तो यंत्रांचे फोटो काढणारा म्हणून आत शिरे आणि चात्यांच्या रांगेपुढे पोराला उभे करी. पोराची उंची तो आपल्या जाकिटाच्या गुंड्यांवरून मोजी आणि वय खिशातल्या खिशात टिपून घेई. १९१६ साली तिकडे बालमजुरीविरुद्ध कायदा झाला, १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडले. दोन वर्षांनी हाइन हलाखीत वारला.

हे वाचून आम्ही कितीतरी वेळ बसून राहिलो. तो यंत्राचे नाव सांगून मुलांचे फोटो काढीत होता. आम्ही त्या रात्री यंत्राचे चार फोटो काढले होते. मुलगा तेथेच बाकावर, हाताला फडके गुंडाळून बसला होता, आणि त्याच्याकडे आम्ही कॅमेरा वळवलाही नव्हता, धड पाहिलेही नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर तोच मुलगा घरी आला. आता तो स्टोअरमध्ये नोंदी ठेवतो. म्हणाला, “काका, स्थळासाठी फोटो हवा. स्टुडिओवाला फार चकचकीत करतो.” आम्ही त्याला खिडकीशी उभे केले. त्याने उजवा हात खिशात घातला. हात बाहेर काढ असे सांगण्याची आम्हांला उबळ आली होती. युनियनवाल्याला ती येतेच. सौभाग्यवतींनी दारातून आमच्याकडे पाहिले. आम्ही गप्प राहिलो.

तेवढ्यात वाघ्या आला आणि त्याच्या पायाशी अंग घुसळू लागला. मुलगा वाकला आणि उजव्या हाताने त्याची मान खाजवू लागला. आम्ही म्हणालो, “असाच एक काढू?” त्याने हाताकडे पाहिले, वाघ्याकडे पाहिले, मग म्हणाला, “काढा.”

अडीचशेवा भाग, छिद्र चार, प्रकाश मापकापेक्षा थोडा कमी. वाघ्या काळा आला. त्याच्या मानेवरचा केस न् केस वेगळा आला आणि त्या केसांत रुतलेली तीन बोटेही.

मुलाने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तो पुष्कळ वेळ पाहिला. म्हणाला, “हा मला द्या, काका. स्थळाला पाठवायला दुसरा काढा.”

तो पुन्हा उभा राहिला, हात खिशात घातला, आणि आम्ही दुसरा काढला.