आपल्या शेजारणी



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या.

अंधेरीत नवीन आले तेव्हा गावठाणातल्या ख्रिस्ती शेजारणीशी मी मोडक्या हिंदीत बोलले. ती हसून म्हणाली, "बाई, आमची घरची बोली मराठीच!" मी ओशाळले.

ही मंडळी साष्टीची जुनी रहिवासी. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली घेतले. पोर्तुगीज अमलात धर्म बदलला, पण लग्नात वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचे पाणी' आणणे सुटले नाही. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कुटून बाटल्यांत भरलेला त्यांचा 'बाटली मसाला' वर्षभर पुरतो.

आता विहिरी बुजल्या, त्यांच्या नाती इंग्रजीत बोलतात. आपण इथे मागून आलो. ओळख आपणच करून घ्यावी. येत्या उन्हाळ्यात त्यांना मसाला शिकवायला मंडळात बोलवू या.