पहिलें पाऊल लहान असावें



हिवाळा लागला म्हणजे पुण्यांतील पर्वतीच्या पायऱ्यांवर पहाटे नवे चेहरे दिसूं लागतात. नवे बूट, नवा मफलर आणि नवा निश्चय! पर्वतीला पायऱ्या १०३. आणि नव्या निश्चयाला त्या सगळ्या पहिल्याच दिवशीं चढावयाच्या असतात. थंडी ओसरण्यापूर्वींच यांपैकीं पुष्कळसे चेहरे दिसेनासे होतात. जे टिकतात त्यांचें कौतुक होतें. जे पुन्हां येत नाहींत त्यांची विचारपूस कोणी करीत नाहीं. आजचें हें भाषण त्या न येणाऱ्यांसाठीं आहे.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. पेठेंतील जुनी इमारत, बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाहीं. घरांतील बाईंचें वय पंचावन्नाच्या आसपास, उंची बेताची आणि वजन ८० किलो. जिना उतरतांना त्या कठड्याला धरून, आडव्या होऊन, एकेक पायरी उतरतात. मुलगा प्रेमळ आहे. डॉक्टरांनीं आईला वजन कमी करावयास सांगितलें हें ऐकून तो त्याच संध्याकाळीं बूट घेऊन येतो आणि म्हणतो, "आई, उद्यांपासून रोज पर्वती!" "अरे, गुडघे ऐकतील का रे?" एवढेंच त्या म्हणतात, पण मुलाचें मन त्यांना मोडवत नाहीं. दुसऱ्या दिवशीं धापा टाकीत त्या कशाबशा वर पोंचतात, आणि पुढील आठ दिवस घरांतल्या घरांत वावरणेंही त्यांना कठीण होतें. बूट पलंगाखालीं जातात.

पण खरी हानि बुटांच्या किंमतीची नव्हे. 'व्यायाम आपल्यासाठीं नाहीं' ही गांठ मनांत पक्की बसते. मग भाजी मुलाकडून येते, मैत्रिणीकडील हळदीकुंकू 'बरें नाहीं' म्हणून टळतें, कोपऱ्यावरच्या देवाला गॅलरींतूनच हात जोडले जातात. बघतां बघतां त्या बाईंचें जग दोन खोल्यांएवढें होऊन बसतें. वजनाचा प्रश्न लोक आरशापुढें उभे राहून सोडवूं पाहतात. वास्तविक तो जिन्यावरचा प्रश्न आहे. माणसाला आपल्या घराबाहेर आपल्या पायांनीं जातां येतें कीं नाहीं, हें त्यावर ठरतें.

'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' ही म्हण अशा वेळीं अक्षरशः आठवते. येथें उतावीळ उत्साहाची असते आणि भोग मात्र गुडघ्याच्या वाट्याला येतो.

जिन्याशीं झगडणाऱ्या अशाच एका गृहस्थाची हकीकत लंडन शहरांतील आहे. विल्यम बँटिंग हे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका प्रतिष्ठित पेढीचे चालक. राजघराण्याचें कामही त्यांच्याकडे असे. १८६२ सालीं त्यांचें वय ६५, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारें ९२ किलो होतें. बुटांचे बंद बांधण्यासाठीं त्यांना वांकतां येत नसे, आणि पायांवरचा भार चुकविण्यासाठीं ते जिना पाठमोरे उतरत. त्यांनीं व्यायाम केला नव्हता असें नाहीं. पूर्वीं एकदां वैद्यांच्या सल्ल्यावरून ते पहाटे दोन दोन तास होडी वल्हवीत. स्नायूंना बळ आलें. परंतु भूक इतकी खवळली कीं वजन घटण्याऐवजीं वाढूं लागलें, आणि तो उपक्रम सोडावा लागला. पुढें कानांच्या तक्रारीसाठीं ते डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनीं कानांबरोबर ताटाचीही चौकशी केली, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बीअर व बटाटे हे पदार्थ शक्य तितके वर्ज्य करावयास सांगितलें. सुमारें एका वर्षांत बँटिंग यांचें वजन ४६ पौंडांनीं उतरलें. म्हणजे आठवड्याला पुरा एक पौंडही नाहीं! हा अनुभव त्यांनीं १८६३ सालीं पत्ररूप पुस्तिकेंत छापला. ते ८१ वर्षें जगले. स्वीडनमधील लोक आजही वजन उतरविण्यास त्यांच्या नांवावरून आलेलें क्रियापद वापरतात.

बँटिंग यांच्या ताटांतील मांस आणि मद्य यांचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं. घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. एक असा, कीं एकदम केलेला जबर व्यायाम थकव्याबरोबर भूकही वाढवूं शकतो. दुसरा असा, कीं वजन मुख्यतः ताटावर उतरतें. आपल्याकडील साधा हिशेब पाहावा. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकांत दोन चमचे साखर धरली, तर ती सुमारें ३२ ग्रॅम होते. महिन्याला जवळ जवळ एक किलो. अर्धा तास चालून शरीर जितकी उष्णता खर्च करतें, साधारण तितकीच या रोजच्या साखरेंत असते. चार कपांतून एकेक चमचा कमी केला, कीं पाव तासाचें चालणें न चालतांच पदरांत पडलें. यासाठीं उपास नकोत. भाताची मूद थोडी लहान, आमटी-उसळ थोडी अधिक, आणि तळलेला पदार्थ रोजचा न राहतां सणावाराचा, एवढें पुष्कळ झालें.

मग हालचालीची गरज काय? गरज आहे, आणि ती कांट्यावर दिसणाऱ्या आंकड्याहून मोठी आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील ज्यांना आहाराची आणि चालण्याची शिस्त लावून दिली, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण, तशी शिस्त नसलेल्यांच्या तुलनेनें, २८.५ टक्क्यांनीं कमी आढळलें. आणि हें त्यांच्या वजनांत विशेष घट न होतां! कांटा हलला नाहीं म्हणून श्रम वायां गेले, असें समजणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

दहा हजार पावलांचें भयही बाळगूं नये. हा आंकडा रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानांत विक्रीस आलेल्या एका पावलें मोजणाऱ्या यंत्राच्या नांवामुळें. २०१९ सालीं अमेरिकेंतील वयस्क स्त्रियांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत दिवसाला ४,४०० पावलें चालणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां बरेंच कमी होतें, आणि साडेसात हजारांच्या पुढें अधिक लाभ दिसला नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२० च्या आपल्या सूचनांत, हालचाल सलग दहा मिनिटें झाली पाहिजे ही जुनी अट काढून टाकली. कांहींच न करण्यापेक्षां थोडें करणें केव्हांही चांगलें, असें ती सांगते.

तेव्हां आरंभ खुर्चीपासून करावा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या भक्कम खुर्चीवर बसावें आणि उठावें. प्रारंभीं हातांचा आधार घेण्यास हरकत नाहीं. असें पांच वेळां सकाळीं, पांच वेळां संध्याकाळीं. बसल्या बसल्या एकेक पाय समोर सरळ करून क्षणभर तोलून धरावा. यानें मांडीचे स्नायू बळावतात आणि गुडघ्याला आधार मिळतो. जेवणानंतर घरांतच किंवा गॅलरींत पांच मिनिटें चालावें. त्यानें रक्तांतील साखरही आटोक्यांत राहण्यास मदत होते. दर आठवड्याला दोनच मिनिटें वाढवावींत. पहिल्या आठवड्यांत पांच मिनिटें चालणारा मनुष्य याच गतीनें बाराव्या आठवड्यांत सत्तावीस मिनिटें चालूं लागतो. वेगाची खूण सोपी आहे: चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये. एखाद्या दिवशीं खंड पडला तर दुसऱ्या दिवशीं नेहमींएवढेंच चालावें. कालचें देणें आज फेडावयास जाऊं नये.

छातींत दडपण येणें, थोड्याशा श्रमानें घेरी किंवा दम लागणें, गुडघा सुजणें, असें कांहीं असल्यास आधीं डॉक्टरांची भेट घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इंजेक्शन घेणाऱ्यांनीं तर आहारांत बदल करण्यापूर्वींच त्यांना विचारावें. नाहीं तर साखर एकाएकीं खालीं जाण्याचा धोका असतो.

वजन आठवड्यांतून एकदांच पाहावें. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी समाधान मानावें. गुडघ्याचा हिशेब मोठा उदार आहे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार, संधिवात असलेल्या स्थूल माणसाचें वजन एक किलोनें उतरलें, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. चार किलो उतरले, तर पावलापावलाला सोळा किलोंचें ओझें कमी!

शेवटीं घरांतील माणसांना एक विनंति. पांच मिनिटांच्या चालण्याला कोणी हंसूं नये, आणि जेवतांना कोणी दुसऱ्याचे घांस मोजूं नयेत. मुलानें बूट अवश्य आणावेत. पण पहिल्या दिवशीं आईला घेऊन जावें तें खालच्या फाटकापर्यंतच, आणि वाटेंत गप्पा माराव्यात. मग तीन-चार महिन्यांनीं अशी एखादी सकाळ उजाडेल, कीं आई कोणाला न सांगतां पिशवी घेऊन, एक हात कठड्यावर ठेवून का होईना, पण तोंड समोर करून जिना उतरतील आणि स्वतः निवडलेली भाजी घेऊन वर येतील. त्या दिवशीं कांटा काय दाखवितो हें विचारण्याची गरज घरांत कोणालाही भासणार नाहीं. पर्वती काय, ती कोठें जात नाहीं.