मोत्याची घंटा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचे लेखी रूप)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असा कार्यकारिणीचा निरोप आला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आम्ही साधे बी. ए. तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींवर शेरे मारण्यात गेली. त्यामुळे आमच्या लेखणीला जे काही वळण आहे, ते 'पुढील आदेशार्थ सादर' या एका वाक्याचे. आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, मराठी रंगभूमी असे भारदस्त विषय हाताळले. त्यांच्या पंक्तीत, कुत्र्याला बाहेर जाण्यासाठी घंटा वाजवायला कसे शिकवावे, हा विषय घेऊन बसणे म्हणजे श्रीखंडाच्या ताटात भाकरीचा तुकडा ठेवण्यासारखेच होय. परंतु या विषयाने आमच्या घरात एक गोष्ट घडविली. ती आपल्यासारख्या, घरापासून दूर राहणाऱ्या मंडळींना सांगावी असे वाटले, म्हणून उभे आहोत.

वाईजवळच्या आमच्या गावी कुत्र्याला घंटेची गरज कधी पडली नाही. पहाटे आमची आई कडी काढी, ते दार रात्री निजानीज होईपर्यंत उघडेच असे. कुत्रे ओट्यावर, गाय गोठ्यात आणि आम्ही मुले परसात. आत-बाहेर करण्यास कोणाची परवानगी लागत नसे. येथे डेहराडूनला आल्यावर मात्र दार ही काय वस्तू आहे ते कळले. सरकारी वसाहतीतले दुसऱ्या मजल्यावरचे घर. दोन दारे, एक जाळीचे व एक लाकडी. मार्गशीर्ष लागला की मसुरीकडून असा गारठा उतरतो की दोन्ही दारे आणि सगळ्या खिडक्या बंद. चव्वेचाळीस पायऱ्या उतराव्या तेव्हा मातीला पाय लागतो.

अशा घरात एका पावसाळ्यात आमच्या कन्येने कचेरीच्या शेडमागून एक भिजलेले पिल्लू आणले. वय दोन महिन्यांच्या आसपास, जात गावठी. तीन वर्षांपूर्वी वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली होती. तिने त्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका पाहून त्याचे नाव मोत्या ठेवले. बारसे झाले, कौतुक झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात जागोजागी तळी दिसू लागली. बैठकीतील सतरंजी, आमची पादत्राणे, एकदा तर कचेरीतून आणलेली फाईलसुद्धा! आम्ही त्याला रागावलो, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखविली, नाक त्या जागी नेऊन दटावले. परिणाम एवढाच झाला की तो आमच्या देखत करीनासा झाला आणि पलंगाखाली जाऊन करू लागला. पंधरा दिवसांनी सौभाग्यवतींनी निर्वाणीचा खलिता दिला : "येत्या रविवारपर्यंत याला वळण लागलं नाही, तर याला दुसरं घर पाहावं लागेल." कन्या दोन दिवस जेवली नाही. तेव्हा आम्ही या विषयाच्या अभ्यासास लागलो.

घंटा आणि कुत्रे म्हटले की शिकलेल्या माणसाला पाव्हलॉव्ह आठवतो. हा रशियन शास्त्रज्ञ मुळात पचनक्रियेचा अभ्यासक. १९०४ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते त्याच कामासाठी. अन्न येण्यापूर्वी ठरावीक खूण वारंवार मिळाली, तर पुढे नुसत्या त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्याने दाखविले. परंतु त्या प्रयोगात घंटा वाजविणारा माणूस असतो, कुत्रे फक्त ऐकणारे. आम्हाला हवे होते ते नेमके उलट. मोत्याने वाजवावी आणि आम्ही ऐकावी.

त्याचा धागा अमेरिकेत सापडतो. थॉर्नडाईक याने १८९८ साली पेट्यांत कोंडलेल्या मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. धडपडताना अवचित खिटी दाबली जाऊन दार उघडले, की पुढल्या खेपेस मांजर ती खिटी लवकर दाबते. ज्या कृतीचे फळ गोड, ती कृती पुन्हा होते, हे त्याचे सार. पुढे स्किनर याने १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला. १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्याने जनावरांना कसे शिकवावे यावर सामान्य वाचकांसाठी एक लेखही लिहिला. त्यातली मुख्य शिकवण दोन वाक्यांत सांगता येते : मोठ्या कृतीचे लहान लहान तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्याचे बक्षीस तत्क्षणी द्या. आमच्या कचेरीत बढतीची शिफारस सात वर्षांनी फळास येते. कुत्र्याच्या बाबतीत सात सेकंदही उशीर चालत नाही. तेवढ्यात ते दुसरेच काही करू लागते आणि बक्षीस त्या दुसऱ्या कृतीच्या खाती जमा होते.

आता घंटेकडे वळू. देवघरातली घंटा घेण्यास आईने साफ नकार दिला. बाजारात घुंगरांच्या माळा मिळतात; पण घुंगरांच्या फटीत कुत्र्याचे नख अडकण्याची भीती असते. शेवटी आईनेच आपल्या ट्रंकेतून एक पितळी घंटा काढली. गावच्या आमच्या कपिला गाईच्या गळ्यातली. गाय गेली, गोठा गेला, घंटा मात्र तिने जपून ठेवली होती.

पहिल्या दिवशी घंटेचा खणखणाट ऐकून मोत्या पलंगाखाली पळाला. मग आतल्या लोलकाला चिंधी गुंडाळली आणि आठ दिवसांत ती हळूहळू काढून टाकली. पहिला धडा घंटेवाचूनच. तळहात पुढे धरायचा. त्याने नाकाने शिवला, की शाबासकी आणि उकडलेल्या बटाट्याची फोड. दुसरा धडा, त्याच हातात घंटा. नाक घंटेला लागून नाद झाला, की फोड. तिसरा धडा, घंटा दाराशी त्याच्या नाकाच्या उंचीवर दोरीने टांगली. चौथा धडा सर्वांत महत्त्वाचा : बाहेर नेण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो घंटेला शिवेपर्यंत थांबायचे, आणि शिवताच दार उघडायचे. त्याचा पंजा धरून घंटेवर आपटायचा नाही; त्याने ती आपण होऊन वाजविली पाहिजे. खाली ठरलेल्या एकाच स्वच्छ कोपऱ्यात न्यायचे, आणि काम उरकताच तेथल्या तेथे बक्षीस.

लहान पिल्लाला फार वेळ धरून ठेवणे जमतच नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तास म्हणजे खूप झाले. म्हणून झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला न चुकता न्यावे लागते. घरात चूक झालीच तर दटावू नये. चूक वेळेवर न नेणाऱ्याची असते. जागा मात्र निर्गंध करावी. त्यासाठी अमोनियायुक्त द्रव वापरू नये. त्याचा वास मूत्रासारखाच असल्याने कुत्र्याला तीच जागा योग्य वाटते.

रविवारची मुदत सौभाग्यवतींनी दोनदा वाढवून दिली. विसाव्या दिवशी, रात्री साडेनऊच्या सुमारास, कोणी न सांगता, कोणी जवळ नसताना घंटा वाजली. आम्ही हातातला पेला टाकून धावलो. मोत्या दाराशी उभा होता आणि आमच्याकडे पाहत होता. चव्वेचाळीस पायऱ्या आम्ही अशा उतरलो की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना भूकंप झाला असे वाटले. त्या रात्री खलिता मागे घेण्यात आला आणि कन्या दोन पोळ्या जास्त जेवली.

पुढे आणखी एक अडचण आली. घंटा वाजली की दार उघडते, हे कळल्यावर मोत्याने या सोयीचा भरपूर उपभोग घेतला. एका संध्याकाळी आम्ही नऊ वेळा खाली-वर केले. कारण काय, तर खाली मांजर होते! यावरही उपाय आहे. घंटा वाजली की न्यायचे जरूर, पण साखळी लावून थेट त्या कोपऱ्यात. पाच मिनिटे थांबायचे. काम नसेल तर खेळ नाही, हिंडणे नाही, गुपचूप वर. आठवड्याभरात फुकटचे अर्ज बंद झाले. पण एक ध्यानात ठेवावे : शिकलेले कुत्रे अचानक वरचेवर घंटा वाजवू लागले, तर तो खोडसाळपणा न समजता पशुवैद्याला दाखवावे. लघवीचा विकारही असू शकतो.

तीस वर्षे आमच्या टेबलावर घंटी होती. ती आम्ही वाजवायची आणि शिपायाने धावत यायचे. आता मोत्या वाजवी आणि आम्ही धावू. सौभाग्यवती म्हणत, "आता कळलं का?" कळले खरे, पण जे खरोखर कळायचे होते, ते अजून बाकी होते.

संक्रांतीच्या आदल्या रविवारची गोष्ट. दुपारी साडेतीनला आम्ही पांघरुणात पडलो होतो. घंटा वाजली, एकदाच, हलकेच. आम्ही चपला घातल्या, साखळी घेतली आणि पाहतो तो मोत्या गॅलरीच्या काचेतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात गाढ झोपलेला. दाराशी आई उभी. शाल पांघरलेली, एक हात भिंतीला आणि एक घंटेच्या दोरीला.

"आई, तू?"

"हो रे. मीच वाजवली. त्याला नेता ना खाली, म्हटलं मलाही न्याल."

ती हसत होती. तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य आम्हाला फार लागले. आम्ही मनाशी हिशोब केला. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आई दोनदा खाली उतरली होती; एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा बँकेत, हयातीच्या दाखल्यासाठी. मोत्या रोज पाच वेळा उतरत होता. जिच्या घराचे दार दिवसभर उघडे असे, ती बाई दोन महिने दोन बंद दारांच्या आत बसून होती, आणि आम्हाला वाटत होते, आई मजेत आहे; औषधे वेळेवर आहेत, हीटर आहे, दूरचित्रवाणीवर मराठी मालिका आहेत.

"तू बोलली का नाहीस?" आम्ही विचारले.

"काय बोलायचं? तुम्ही दमून येता. जिन्याला कुणीतरी धरावं लागतं. त्याचं बरं आहे, त्याला संकोच नाही."

भगिनीबंधूंनो, बादशहा जहांगीर १६०५ साली गादीवर आला, तेव्हा त्याने आग्र्याच्या किल्ल्यापासून यमुनाकाठापर्यंत साठ घंटा असलेली सोन्याची साखळी बांधविली; ज्याला दाद हवी त्याने ती ओढावी. तमिळ देशात तिरुवारूरच्या चोळ राजाची कथा सांगतात. त्याच्या राजवाड्याची घंटा एका गाईने वाजविली, कारण राजपुत्राच्या रथाखाली तिचे वासरू सापडले होते. या कथा ऐकून आपण राजांची वाखाणणी करतो. आमच्या मनात आता दुसराच प्रश्न येतो : जे घंटेपर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांचे काय? दोरी टांगली म्हणजे कर्तव्य संपले, असे आम्ही कचेरीत आणि घरी सारखेच मानत आलो. मोत्याला आम्ही वीस दिवस खपून मागायला शिकविले. आईला न मागता मिळावे एवढे शहाणपण मात्र आमच्यापाशी नव्हते.

त्या दिवसापासून आमच्या घरी चारचा नेम झाला. सुट्टीच्या दिवशी आम्ही, एरवी सौभाग्यवती किंवा कन्या आईला हात देऊन खाली नेतात, मोत्या पुढे. खालच्या बाकावर ऊन असते. तेथे एक गढवाली आजीबाई येऊन बसतात. त्यांना मराठी येत नाही, आईला 'नहीं चाहिए' यापलीकडे हिंदी येत नाही; तरी दोघी तासभर बोलतात. कशाविषयी, हे आम्ही विचारीत नाही. फाल्गुनात आपल्या मंडळाच्या शनिवारच्या भजनाला आई प्रथम आली. इतकी वर्षे मंडळाची वर्गणी आम्ही नेमाने भरीत होतो. तिला येथे आणावे हे सुचले नव्हते.

पन्नास वर्षांपूर्वी या शहरातील मोजक्या मराठी कुटुंबांनी हे मंडळ काढले. परक्या गावात दार ठोठावण्याजोगे एक तरी घर असावे, एवढीच त्यांची इच्छा असणार. आज आपली वास्तू आहे, वाचनालय आहे, गणेशोत्सव आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता गावाहून आलेली आई आहे, वडील आहेत, एखादी एकटी मावशी आहे. त्यांनी गावचे घर बंद केले आणि आपल्या मागून या बंद दारांत येऊन बसले. कार्यकारिणीस आमचे एवढेच निवेदन आहे : सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशा वडीलधाऱ्यांची एक यादी करावी, आणि दर शनिवारी ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी पाळीपाळीने एकेका घरी जाऊन घंटा वाजवावी. या खेपेस घंटा बाहेरून वाजू द्या. पहिल्या महिन्याची पाळी आम्ही घेतो.

आई आज पहिल्या रांगेत बसली आहे. घड्याळाकडे पाहते आहे, म्हणजे मोत्याची वेळ झाली. तेव्हा आम्ही येथेच थांबतो.