मूळ पत्र कुठं आहे?

आजच्या विधी पदवीधरांनो,



जिल्हा न्यायालयात मी ४१ वर्षं वकिली केली. हल्ली कागदावर निशाणी पडली की तो गठ्ठ्यात जातो, मोठ्यानं कोणी वाचत नाही. याचा मला राग आहे, आणि आज तो मी बोलून दाखवणार आहे.

१८८२ सालचं कोल्हापूर प्रकरण तुम्ही परीक्षेपुरतं वाचलं असेल. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतोय, या काळजीनं संपादक आगरकर-टिळकांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावची पत्रं छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रं बनावट निघाली. माफी मागूनही सुटका झाली नाही. जामिनाचे १०,००० रुपये जोतीराव फुल्यांच्या खटपटीनं रामशेठ उरवणे यांनी भरले, हे मला फार मोठं वाटतं. १४ जुलैला आगरकर २६ वर्षांचे झाले आणि तिसऱ्या दिवशी चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात अहमदनगरला एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. म्हणजे संपादकांची कळकळ खरी होती. कागद मात्र खोटा होता, आणि कोर्टासमोर कागदच असतो.

हे सगळं मला पाठ होतं, तरी मी चुकले. वकिलीचं सहावं वर्ष. एका साप्ताहिकानं एका निवृत्त मास्तरांचं पत्र म्हणून मजकूर छापला, त्यात शाळेच्या इमारत निधीतले पैसे घेतल्याची कबुली होती. मास्तरांनी फिर्याद केली. मी साप्ताहिकाच्या बाजूनं उभी होते. पत्र घरी दहा वेळा मनातल्या मनात वाचलेलं. उलटतपासात मी ते मोठ्यानं वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीत ‘मला पैसे भेटले’ असं आलं. जीभ तिथंच अडखळली. पिंजऱ्यात धोतर-टोपीतले मास्तर ताठ उभे होते. तीस वर्षं त्यांनी मुलांच्या वह्यांत हाच शब्द खोडला होता. माणूस भेटतो, पैसे मिळतात! न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. दहा वेळा डोळ्यांखालून गेलेलं वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

पोरांनो, पक्षकारानं आणलेला प्रत्येक कागद आधी आपल्या तोंडानं मोठ्यानं वाचा. घरी, दार लावून वाचा. मग अस्सल मागा. फोटो नको, झेरॉक्स नको, व्हॉट्सॲपवर आलेलं तर नकोच. यापलीकडे मला तुम्हाला काही सांगायचं नाही.

त्या दिवशी कोर्ट उठल्यावर मास्तर व्हरांड्यात माझ्यापाशी आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “बाई, मूळ पत्र तुम्ही तरी पाहिलंत का?” माझ्या हातात छापील कात्रण होतं. ते मी पदराआड धरलं.