ड्रीम टीमचे तीन हिरो आणि कॉलेजची खुर्ची

आजचा भाग बास्केटबॉलवर आहे, पण एनबीएवर नाही. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर आहे. आणि त्यातही खेळाडूंवर कमी, कोचवर जास्त.

सुरुवात १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून करू. ड्रीम टीम तुम्ही रील्समध्ये तरी पाहिलीच असेल. जॉर्डन, मॅजिक, बर्ड. एकूण बारा खेळाडू. या बारांपैकी तिघं निवृत्तीनंतर आपापल्या जुन्या कॉलेजात हेड कोच म्हणून परत गेले. क्लाइड ड्रेक्सलर ह्यूस्टनला गेला, क्रिस मलिन सेंट जॉन्सला आणि पॅट्रिक युइंग जॉर्जटाउनला. तिघांचा हिशेब सांगतो. ड्रेक्सलर: १९ विजय, ३९ पराभव, दोन मोसमांत काम संपलं. मलिन: ५९ विजय, ७३ पराभव, चार मोसम. युइंग: ७५ विजय, १०९ पराभव, सहा मोसम. म्हणजे तिघंही जिंकले त्यापेक्षा जास्त हरले.

आता गंमत बघा. त्याच ड्रीम टीमच्या बेंचवर एक असिस्टंट कोच बसले होते, ड्यूक विद्यापीठाचे माइक शिशेव्स्की. आडनाव उच्चारताना जीभ अडखळते म्हणून सगळं जग त्यांना 'कोच के' म्हणतं. हा माणूस एनबीएत एक मिनिटही खेळलेला नाही. कॉलेज कोच म्हणून पाच राष्ट्रीय विजेतेपदं आणि हजाराहून जास्त विजय!

यावरून लगेच "मोठा खेळाडू चांगला कोच होत नाही" असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. लॅरी बर्ड त्याच टीममध्ये होता. तो एनबीएत इंडियानाचा कोच झाला आणि पहिल्याच मोसमात, १९९८ साली, कोच ऑफ द इयर ठरला. मग अडतं कुठे? मला विचाराल तर कॉलेज कोचची नोकरी नेमकी काय आहे, तिथे अडतं.

आपल्याला वाटतं कोच म्हणजे साइडलाइनवर उभा राहून ओरडणारा, टाइमआउटमध्ये बोर्डवर रेघोट्या मारणारा माणूस. ते कामाचं एक टोक झालं. एनबीएत खेळाडू आणून देणारं वेगळं ऑफिस असतं. ड्राफ्ट, ट्रेड, करार, हे सगळं जनरल मॅनेजर बघतो. कॉलेजात ते ओझं कोचच्या डोक्यावर असतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मेसेज करायचे, त्याच्या शाळेच्या जिममध्ये जाऊन बसायचं, त्याच्या आईशी बोलायचं, उन्हाळ्यात ज्या क्लबकडून तो खेळतो त्या क्लबच्या कोचला सांभाळायचं. आणि इतकं करून तो मुलगा शेवटच्या दिवशी दुसऱ्याच कॉलेजची टोपी घालतो! मग उद्यापासून दुसऱ्या मुलाच्या मागे. शिवाय देणगीदारांची जेवणं आहेत, मुलांचे मार्क आहेत, नियमांचं जाडजूड पुस्तक आहे. याला रिक्रूटिंग म्हणतात, आणि ते वर्षभर चालतं.

मलिनला सेंट जॉन्सने २०१५ मध्ये घेतलं तेव्हा त्याने कुठेच कोचिंग केलेलं नव्हतं. ना हेड कोच, ना असिस्टंट. एनबीएच्या टीम्सच्या ऑफिसात काम केलं होतं, टीव्हीवर समालोचन केलं होतं. पण तो न्यूयॉर्कचा पोरगा, सेंट जॉन्सच्या इतिहासात सर्वाधिक गुण करणारा खेळाडू. १९८५ साली त्याने त्यांना फायनल फोरपर्यंत नेलं होतं. पहिल्या मोसमात ८ विजय आणि २४ पराभव. चौथ्या मोसमात कशीबशी राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली, तीही प्रवेश-फेरीतून, आणि तिथेच हरले. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला.

युइंगची गोष्ट मात्र मला जास्त लागते, कारण त्याने मेहनत केली होती. तो थेट टीव्ही स्टुडिओतून आला नव्हता. निवृत्तीनंतर जवळपास पंधरा वर्षं तो एनबीएत असिस्टंट कोच होता. वॉशिंग्टन, ह्यूस्टन, ऑर्लँडो, शार्लट. हेड कोचची संधी कुणी देईना. सात फुटी माणूस फक्त उंच खेळाडूंनाच शिकवू शकतो, असा एक समज तिकडे आहे, त्याचाही फटका त्याला बसला असं बरेच जण म्हणतात. मग २०१७ मध्ये जॉर्जटाउनने हाक मारली. याच कॉलेजला त्याने १९८४ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. घरचंच बोलावणं, नाही कसं म्हणणार?

पण ती पंधरा वर्षं एनबीएतली होती. तिथल्या असिस्टंटला कुठल्या आईच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या मुलाला आमच्याकडे पाठवा म्हणून सांगावं लागत नाही. म्हणजे खेळ शिकवण्याचा अनुभव भरपूर आणि नोकरीच्या निम्म्या कामाचा अनुभव शून्य. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे सगळ्यात चांगला कोड लिहिणाऱ्याला उचलून मॅनेजर करतात आणि मग वर्षभर सगळेच एकमेकांकडे बघत बसतात. पण आमच्याकडे निदान कुणाचं आयुष्यातलं एकमेव कॉलेज त्यात जात नाही.

मॅक मॅकक्लंग आठवतो? डंक स्पर्धा लागोपाठ तीनदा जिंकणारा, २०२३ ते २०२५. तुमच्या फोनवर त्याची एक तरी क्लिप येऊन गेली असणार. तो युइंगचा खेळाडू होता. दोन मोसम जॉर्जटाउनकडून खेळला आणि २०२० मध्ये टेक्सास टेकला निघून गेला. त्याच्या आधी, २०१९च्या डिसेंबरात, भर मोसमात काही खेळाडू टीम सोडून गेले होते. मुलं आणणं एक काम, आणलेली मुलं टिकवणं दुसरं. दुसरं जास्त कठीण.

मध्ये एक सुंदर आठवडा आला. मार्च २०२१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बिग ईस्ट लीगची स्पर्धा. आठव्या मानांकनाची जॉर्जटाउनची टीम लागोपाठ चार सामने जिंकली आणि फायनलमध्ये क्रेटनला ७३-४८ असं लोळवलं. हे तेच गार्डन जिथे युइंग न्यूयॉर्क निक्सकडून पंधरा वर्षं खेळला, जिथे त्याची जर्सी छताला टांगलेली आहे. आणि त्याच आठवड्यात तिथल्या सिक्युरिटीवाल्यांनी त्याला पास दाखवायला लावलं, म्हणून तो पत्रकारांपुढे चांगलाच वैतागला होता. ही माझी बिल्डिंग आहे असं वाटत होतं मला, अशा अर्थाचं बोलला. मला तो किस्सा फार आवडतो. पण हसून झाल्यावर विचार करा, गेटवर उभ्या असलेल्यांनी त्याला ओळखलं नाही किंवा ओळखूनही अडवलं. नावाची मुदत संपते ती अशी.

हाच माझा आजचा मुद्दा आहे. युइंग शेवटचा एनबीए सामना २००२ मध्ये खेळला. २०२१ मध्ये कॉलेजला येणारी मुलं तेव्हा जेमतेम जन्माला येत होती. त्यांच्यासाठी तो बाबांच्या जुन्या व्हिडिओतला माणूस. हे नाव ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो ते कोण? माजी विद्यार्थी, देणगीदार, निवड समितीतले पन्नाशीचे लोक. म्हणजे स्टारचं नाव चालतं ते नोकरी देणाऱ्यांवर, आणि त्याला काम करायचं असतं सतरा वर्षांच्या पोरांवर. कॉलेज कोच निवडत नाही, स्वतःची तरुणपणाची आठवण विकत घेतं.

त्या सुंदर आठवड्यानंतर काय झालं? त्याच वर्षी नियम बदलले. खेळाडूला एकदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बसून राहावं लागायचं, ती अट गेली. आणि १ जुलै २०२१पासून खेळाडूंना जाहिराती वगैरेंमधून स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. रिक्रूटिंग आता वर्षभराचं न राहता चोवीस तासांचं झालं. पुढच्या मोसमात जॉर्जटाउनची टीम लीगमधले एकोणीसच्या एकोणीस सामने हरली. ०-१९. आधीच्या आणि नंतरच्या मोसमातले धरून लीगमधले सलग २९ पराभव. मार्च २०२३ मध्ये युइंगला काढलं. ज्याने कॉलेजला नाव मिळवून दिलं, त्यालाच कॉलेजने काढलं.

आता इथे न्यायाने बोलायला हवं. युइंग गेल्यावर जॉर्जटाउनने एड कूलीला आणलं, जुना मुरलेला कॉलेज कोच, बिग ईस्टमध्येच प्रॉव्हिडन्सला बारा वर्षं काढलेला. त्याचा पहिला मोसम ९ विजय, २३ पराभव! म्हणजे सगळं खापर युइंगवर फोडून चालणार नाही. घर आधीच गळत होतं. पण गळक्या घराला गवंडी हवा असतो, तसबीर नाही.

आणि युइंगचे स्वतःचे गुरू, जॉन थॉम्प्सन? ते एनबीएत दोनच मोसम खेळले, बॉस्टनमध्ये, महान बिल रसेलचा बदली खेळाडू म्हणून. म्हणजे बहुतेक वेळ बसूनच. नंतर सहा वर्षं वॉशिंग्टनमध्ये शाळेतल्या मुलांना शिकवलं, आणि मग १९७२ मध्ये जॉर्जटाउन. कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात राष्ट्रीय विजेतेपद जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय हेड कोच. जॉर्जटाउनच्या भिंतीवरच उत्तर लटकलेलं होतं, पण कुणी वाचलं नाही.

मिशिगनचं उदाहरण पटकन सांगतो, कारण ते सरळ बसत नाही. जुवान हॉवर्ड, तिथल्या प्रसिद्ध 'फॅब फाइव्ह'मधला एक. २०१९ मध्ये कोच झाला आणि २०२१ मध्ये देशातला सर्वोत्तम कोच ठरला. मला वाटलं, चला, अपवाद सापडला. तीन वर्षांनी ८ विजय, २४ पराभव आणि हकालपट्टी. त्याच्या जागी आला डस्टी मे. हा इंडियानाच्या टीमचा खेळाडू नव्हता, स्टुडंट मॅनेजर होता. बॉल गोळा करणारा, पाण्याच्या बाटल्या भरणारा. पहिल्या मोसमात २७ विजय.

मग स्टारने या वाटेला जाऊच नये का? जावं, पण डॉन स्टेलीसारखं. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं जिंकलेली, २००४च्या अथेन्समध्ये अमेरिकेचा झेंडा घेऊन चाललेली पॉइंट गार्ड. म्हणजे खेळाडू म्हणून ती युइंगच्याच रांगेतली. पण तिने कोचिंग सुरू केलं २००० साली, अजून व्यावसायिक लीगमध्ये खेळत असताना, आणि तेही फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात. तिचं स्वतःचं कॉलेज व्हर्जिनिया होतं. टेंपलमध्ये तिची जर्सी टांगलेली नव्हती, जुन्या आठवणींचा जयजयकार नव्हता. तिथे आठ वर्षं रिक्रूटिंगचे फोन, हुकलेल्या मुली, बसचे प्रवास असं सगळं शिकत राहिली. चुका झाल्या तर त्या बघायला फार कोणी नव्हतं. मग २००८ मध्ये साउथ कॅरोलायना. तिथे २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं, आणि २०२४चा मोसम ३८-०.

पण साउथ कॅरोलायनातला तिचा पहिला मोसम कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. १० विजय, १८ पराभव. तिथे कुणी १९८४च्या आठवणी काढून बसलं नव्हतं, त्यामुळे तिला निवांतपणे दुसरा मोसम मिळाला, आणि तिसरा, आणि चौथा.

चला, आज इथेच थांबतो. युइंगच्या गार्डनमधल्या त्या फायनलचे हायलाइट्स यूट्यूबवर आहेत, झोपण्यापूर्वी बघा. भेटू पुढच्या भागात!