डोळ्यांनीं वाचावयाची कविता

चित्रकाव्याविषयीं आकाशवाणीवरून बोलावयाचें म्हणजे पंगतीचें वर्णन करून ऐकणाराचें पोट भरण्याची आशा धरण्यासारखें आहे. ही कविता कानाची नव्हे, डोळ्यांची. आणि येथें तर कानाखेरीज दुसरा मार्गच नाहीं. तेव्हां श्रोत्यांनीं एक कागद व पेन्सिल जवळ ओढून घ्यावी, म्हणजे निम्मी अडचण दूर होईल.

कागदावर बुद्धिबळाच्या पटासारखीं आडवीं आठ व उभीं आठ अशीं चौसष्ट घरें आंखावीं. अनुष्टुभ् छंदाच्या श्लोकाला चार चरण असतात आणि प्रत्येक चरणांत आठ अक्षरें. हे चार चरण वरच्या चार ओळींत, एका घरांत एक अक्षर याप्रमाणें, लिहावयाचे; आणि खालच्या चार ओळींत तेच चरण उलट क्रमानें, म्हणजे चौथा, तिसरा, दुसरा, पहिला असे उतरावयाचे. एवढ्यानें विशेष कांहीं साधत नाहीं. परंतु चरण असा असला पाहिजे कीं, तो डावीकडून वाचला काय किंवा उजवीकडून वाचला काय, अक्षरें तींच यावींत. ‘रामाला भाला मारा’ हें वाक्य आपल्या घरांतील मुलें उलटसुलट म्हणून दाखवितात, त्याच जातीचा हा खेळ. त्याहीपुढची अट अशी कीं, पटावरचें वरून खालीं वाचलें तरीही तेच चरण त्याच क्रमानें निघावे. मग पहिला चरण पटाच्या चारही कडांवर सांपडतो, दुसरा त्याच्या आंतल्या चौकटींत, आणि याप्रमाणें मध्यापर्यंत. या रचनेला सर्वतोभद्र म्हणतात.

आतां येथें थोडा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. श्लोकाचीं अक्षरें बत्तीस. प्रत्येक चरणाचा उत्तरार्ध पूर्वार्धानेंच ठरून जात असल्यामुळें कवीच्या हातीं सोळा राहतात. आडवें आणि उभें एकच यावयाचें असल्यामुळें त्यांतूनही सहा वजा होतात. उरलीं दहा. दहा अक्षरांच्या भांडवलावर बत्तीस अक्षरांचा अर्थपूर्ण श्लोक रचावयाचा, तो वृत्तांत बसवावयाचा, आणि तोही महाकाव्याच्या ऐन कथाप्रसंगांत! भारवीनें ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गांत हें करून दाखविलें, आणि माघानें ‘शिशुपालवधा’च्या एकोणिसाव्या सर्गांत त्याच्यावर ताण केली. भारवि म्हणजे कोणी सामान्य शब्दांचा कसरतपटु नव्हे. इ. स. 634 मधील ऐहोळे येथील शिलालेखांत रविकीर्तीला आपली थोरवी सांगतांना कालिदासाच्या जोडीला भारवीचेंच नांव घ्यावेंसें वाटलें.

हे दोन्ही सर्ग युद्धाचे आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. रणांगणावर सैन्याचे व्यूह रचलेले असतात. कागदावर अक्षरांचे व्यूह उभे राहतात. कोणत्याही दिशेनें शिरा, वाट तीच! अशा ठिकाणीं आकृति अर्थाच्या मदतीला आली असें म्हणण्यास जागा आहे. परंतु मागाहून आलेल्या शेंकडों पद्मबंधांविषयीं, खड्गबंधांविषयीं आणि नागबंधांविषयीं तसें म्हणवत नाहीं. तेथें कमळाच्या पाकळ्या मोजतां मोजतां कवि देवालाच विसरलेला असतो.

या बंधांपैकीं एकाचें नांव मात्र मोठें गमतीचें आहे. श्लोकाच्या दोन ओळी एकाखालीं एक लिहून वरचें एक, खालचें एक अशीं अक्षरें नागमोडी वाचीत गेलें तरी मूळची ओळच हातीं लागते. त्याला ‘गोमूत्रिका’ असें नांव आहे. चालत्या बैलाच्या मूत्राची जी वांकडीतिकडी रेघ धुळीच्या रस्त्यावर उमटते, तिच्यावरून तें पडलें. पंडितांच्या काव्यशास्त्रांत गाडीवाटेवरची धूळ शिरली ती अशी.

शास्त्रकारांनीं मात्र या काव्याची फारशी भीड ठेवली नाहीं. दंडीनें ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदांत त्याचे प्रकार मन लावून सांगितले, परंतु नवव्या शतकांत आनंदवर्धनानें तें काव्यच नव्हे, काव्याचें अनुकरण होय, असा निकाल दिला, आणि मम्मटानें त्याला अवर, म्हणजे खालच्या प्रतीचें काव्य ठरविलें. ध्वनि नाहीं तेथें काव्य कसचें, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. तथापि त्यांचा ध्वनि म्हणजे सुचविलेला अर्थ. कागदावरची आकृतीही कांहीं अर्थ सुचवूं शकेल, ही शक्यता त्यांनीं पुरती तपासली नाहीं, असें वाटल्यावांचून राहत नाहीं.

कोल्हापूरकरांना हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. शहरापासून पांच-सहा कोसांवरच्या पन्हाळगडावर 1729 सालीं मोरोपंतांचा जन्म झाला. पुढें ते बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयास गेले आणि 1794 मध्यें तेथेंच वारले. परंतु विद्येचें बीं पडलें तें पन्हाळ्यावर. पंतांच्या नांवावर अष्टोत्तरशत रामायणें सांगितलीं जातात, आणि त्यांतील कित्येक अशाच एकेका प्रतिज्ञेनें बांधलेलीं आहेत. ‘निरोष्ठ रामायणां’त ओंठांना ओंठ लागेल असें अक्षर येऊं द्यावयाचें नाहीं. म्हणजे प, फ, ब, भ, म हीं वर्ज्य. आणि ‘म’ वर्ज्य झाला कीं ज्याचें रामायण त्याचें नांवच घेतां येत नाहीं! ‘मंत्ररामायणां’त ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या मंत्राचीं तेरा अक्षरें पद्यांतून क्रमानें गुंफलेलीं आहेत. हीं अक्षरें कीर्तनांत ऐकणाराच्या ध्यानांत येणार नाहींत. पोथीवर बोट ठेवून वाचणारालाच तीं भेटतात. पंतांना यांत नुसती करामत दिसत नसावी. नामस्मरणाचा तो एक गुप्त प्रकार होता. तरीही ‘केकावली’ रचणारे पंत आणि हे पंत यांत रसिक कोणाला निवडील, हें सांगावयास नको.

मराठींत अक्षराच्या आकृतींतून उभी राहिलेली खरी कविता त्यापूर्वीं पांचशें वर्षांची आहे. शके 1212 मधील ‘ज्ञानेश्वरी’च्या आरंभीं ज्ञानदेव गणेशाला वंदन करतात, तें ॐकाराच्या रूपानें. अकारांत त्यांना देवाचे पाय दिसतात, उकारांत विशाल उदर, मकारांत मस्तक. अक्षर हेंच मूर्ति झालें आहे. येथें घरें आंखावीं लागत नाहींत कीं उलटसुलट वाचावें लागत नाहीं; ऐकणारालाही तें दिसतें. आजही घरोघरच्या मंगलपत्रिकांवर नांवाच्या अक्षरांतून जो गणपति रेखाटलेला आढळतो, त्याचें मूळ शोधूं गेल्यास येथवर यावें लागेल.

युरोपांत जॉर्ज हर्बर्ट या धर्मोपदेशक कवीच्या 1633 मध्यें छापलेल्या संग्रहांत पंखांच्या आकाराची कविता आहे. आणि गिओम आपोलिनेरच्या 1918 मधील संग्रहांत पावसाच्या धारांप्रमाणें अक्षरें पानावरून तिरपीं ओघळतात. हें करावयास छापखाना अनुकूल लागतो. देवनागरीचा जुळारी त्या बाबतींत फार अडलेला होता. शिशाच्या खिळ्यांची ओळ सरळ, त्यांत वेलांट्या, उकार, रफार यांचे तुकडे वर-खालीं बसवावयाचे. तेथें ओळ वांकविण्याची हौस त्यानें कोठें करावी? शिळाछापाला ही अडचण नव्हती, कारण तेथें हातानें लिहिलेलेंच उमटे. पुढें संगणक आला आणि र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरकारानें देवनागरीचे वळण त्यांत बसविलें. ‘मंगल’ हा सर्वत्र आढळणारा टंक त्यांचाच. 2008 सालीं ते निवर्तले. ते स्वतः कवि होते आणि अक्षरांचीं चित्रें करून कविता लिहीत, हें तो टंक वापरणाऱ्यांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल.

परंतु मम्मटाला खरें उत्तर द्यावयाचें तर तें कोल्हापुरांत जन्मलेल्या आणि तेथल्या राजाराम हायस्कुलांत शिकलेल्या अरुण कोलटकरांच्या एका पानावरून द्यावें लागेल. कोलटकर चित्रकला शिकले, मुंबईस जाहिरातींच्या धंद्यांत कलादिग्दर्शक म्हणून नांवाजले. टंक, मोकळी जागा आणि समास हीं त्यांच्या रोजच्या कामाचीं हत्यारें होतीं. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत ते लिहीत. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 2004 मधील त्यांच्या निधनानंतर. त्यांची ‘जेजुरी’ इंग्रजींत 1976 मध्यें निघाली. देवळें, पायऱ्या, पुजारी, भिकारीण, दगड हें सारें पाहून झाल्यावर परतीच्या वाटेवरचा प्रवासी जोंधळ्याच्या शेताशीं थबकतो. तेथें डझनभर कोंबडे-कोंबड्या उड्या मारीत आहेत. कांहीं उंच उसळतात, कांहीं चोंचींत दाणा घेऊन खालीं येतात. आणि येथें कविता ओळ सोडून देते. शब्द पानभर वर-खालीं विखुरतात, जणूं तेही उड्या मारीत आहेत.

देवळांत जें गवसलें नाहीं, तें त्या शेतांत दिसलें, असें कवीनें कोठेंही म्हटलेलें नाहीं. पान उलटतांच तें डोळ्यांना कळतें. सर्वतोभद्राचा श्लोक साध्या चार ओळींत छापला तरी तो श्लोक राहतो. व्यूह मोडला तरी सैन्य उरतें. या कोंबड्यांना ओळींत उभें केलें तर कांहींच उरत नाहीं. अलीकडे हातांतल्या लहानशा यंत्राच्या पडद्यावर कविता वाचण्याचा प्रघात पडला आहे, आणि तो पडदा आपल्या रुंदीप्रमाणें ओळी खुशाल मोडतो. तेव्हां हें पान ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं छापील पुस्तकच मिळवावें. ध्वनिक्षेपकावरून तें वाचून दाखवितां येणार नाहीं.