पहिल्या वाचनाचा राग



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत किमान वेतनावर बोलावे अशी अपेक्षा असते. आज मी ती पुरी करणार नाही. न कळणारे पुस्तक हाती पडले म्हणजे पहिल्या तासाभरात वाचकाचे काय होते, हा माझा विषय आहे. शाळेत मी फार टिकलो नाही. वाचायला शिकलो ते जिनिंगच्या आवारात आणि पुढे युनियनच्या कचेरीत. तेव्हा न कळण्याचा माझा अनुभव विद्वानांपेक्षा दांडगा आहे, आणि माझा अधिकार तेवढाच.

मराठीतले ठळक उदाहरण बा. सी. मर्ढेकरांचे. १९४२ साली त्यांची 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी निघाली. घड्याळाच्या क्रमाने गोष्ट सांगण्याचे सोडून, मनात विचार जसे येतात तसे त्यांनी मांडले. 'पुढे काय झाले?' असे विचारीत पाने उलटणाऱ्या वाचकाला ती पचणे कठीणच होते. पण खरा गदारोळ उठला तो १९४७ च्या 'काही कविता' या लहानशा पुस्तकावर. कोणी त्याला दुर्बोध म्हटले, कोणी बीभत्स म्हटले. मुंबई सरकारने तर अश्लीलतेचा खटला भरला, आणि १९५२ साली मर्ढेकर निर्दोष सुटले. आता यातली गंमत पाहा. पुस्तक कळत नाही ही एक तक्रार, आणि त्यातले अश्लील तेवढे बरोबर कळले ही दुसरी! न कळल्याचा राग माणूस कुठे ना कुठे काढतो. सरकारच्या हाती कायदा असतो म्हणून ते कायद्याने काढते.

त्या पुस्तकातली पिंपात मेलेल्या उंदरांची कविता पंडितांनी फार खल करून सोडवली. युद्ध, महानगर, माणसाचे बेचव जगणे असे अनेक अर्थ लागले. आमच्या कचेरीत पुस्तकांची एक पेटी असे. हंगाम संपला की संध्याकाळी कोणीतरी मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. तिथे ही कविता वाचली तेव्हा सरकीच्या गोदामात जन्म काढलेला एक हमाल म्हणाला, "भाऊ, याच्यात न समजासारखं काय हाय? उंदीर मेले. आपण बी तसेच." मर्ढेकरांनी यंत्रयुगाच्या कवितेला पुष्कळदा ओवी-अभंगाचा साज चढवला. खंजिरीवर भजन म्हणणाऱ्या आमच्या माणसांच्या कानाला तो साज ओळखीचा होता. शब्द अडले तरी कान पुढे गेला.

याच्या उलटही घडते. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा अडखळण्याची पाळी पांढरपेशा वाचकावर आली. विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाने प्रस्तावना लिहिण्यापूर्वी कवीलाच शब्दांचे अर्थ विचारले. दुर्बोधता कोणाच्या वाट्याला येते हे वाचक कुठे राहतो त्यावरही ठरते. आपल्या तालुक्यात कोलामी, गोंडी, तेलुगू बोलणारी मुले मराठी शाळेत बसतात. त्यांना हे मी सांगायला नको.

आता थोडे परदेशात जाऊ. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच कवीने १९२४ साली अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला आणि १९२८ साली 'नाद्जा' हे पुस्तक लिहिले. त्याला कादंबरी म्हणावे की नाही, यावर वाद आहे. वर्णनांचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने वर्णनाऐवजी छायाचित्रेच छापली. मी ते इंग्रजीतून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले आणि कचेरीत मराठीत सांगत गेलो. पहिला दिवस फुकट गेला. "गोष्ट कुठं हाय?" असे तिघांनी विचारले आणि दोघे उठून गेले. मलाही राग आलाच होता, पण तो वेगळ्या कारणाने.

ऑक्टोबर १९२६ ची एक संध्याकाळ आहे. ब्रेतों कम्युनिस्ट वृत्तपत्राच्या दुकानातून त्रॉत्स्कीचे पुस्तक घेऊन पॅरिसच्या रस्त्याने निघाला आहे. कचेऱ्या सुटत आहेत. कामावरून परतणारी माणसे पाहून त्याच्या मनात येते की क्रांती करणारे अजून हे नव्हेत. तेवढ्यात नाद्जा भेटते. ती म्हणते, संध्याकाळच्या रेल्वेत दुसऱ्या वर्गाच्या डब्यात थकलेले चेहरे पाहायला मला आवडतात, त्यांत चांगली माणसे असतात. यावर ब्रेतों चिडतो. जे हे ओझे मुकाट वाहतात त्यांचे कौतुक कसले, असा त्याचा सूर.

हे वाचून माझे पित्त खवळले. तीस वर्षे मी थकलेल्या माणसांबरोबर चाललो आहे; थकलेला माणूस झोपलेला असतो असे नाही. आणि तरी त्याचा प्रश्न मला झटकता येत नाही. आम्ही आठ तासांचा दाम मागितला, तो मागायलाच हवा होता. पण त्या आठ तासांत माणसाचे काय होते, हे आमच्या मागणीपत्रात कधी आले नाही. एका स्वप्नाळू फ्रेंच माणसाने मला ते विचारावे, हे मला जड गेले. दुसऱ्या वाचनाला मी बसलो तो याच खुपण्यामुळे.

कचेरीत मात्र सगळे नाद्जाच्या बाजूचे झाले. रेच्यावर काम करणाऱ्या एका बाईंनी विचारले, "मंग त्या पोरीचं काय झालं?" मी सांगितले की १९२७ साली तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकले, आणि १९४१ साली इस्पितळातच ती वारली.

"थो तिले भेटाले गेला का?"

नाही गेला. त्याने पुस्तकात स्वतःच तसे लिहिले आहे, कारणेही दिली आहेत. वेड्यांच्या डॉक्टरांचा आणि इस्पितळांचा त्याला तिटकारा होता, म्हणून तिची चौकशीही केली नाही, असे तो म्हणतो. ती कारणे मी बाईंना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, आणि पुस्तकातला नाद्जाच्या डोळ्यांचा फोटो पाहायला मागून घेतला.